कुत्रा ‘जरा मलूल’ वाटतोय? पुढच्या काही तासांत काय बघायचं

राणीने त्या दिवशी पोळी नाकारली नव्हती. तुकडा तोंडात घेतला, दोन पावलं गेली, तो फरशीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने खाल्लाही. एप्रिल होता, मी म्हटलं उन्हाने झालं असेल. दुसऱ्या दिवशी स्कूटरचा आवाज ऐकून ती दाराशी आली नाही, जागेवरूनच शेपूट हलवली. तिसऱ्या दिवशी जिना चढताना मधल्या वळणावर बसली. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या गोधडीवर रक्ताचे ठिपके होते आणि एका नाकपुडीतून रक्त येत होतं. रक्ततपासणीत प्लेटलेट्स 18 हजार. कुत्र्याला साधारण 2 लाखांच्या आसपास तरी हव्यात.

गोचीड ताप होता. राणी वाचली. पण पोळीच्या तुकड्यापासून नाकातल्या रक्तापर्यंतचे चार दिवस माझ्या हातात होते आणि ते मी घालवले. तुम्ही नुकतंच पिल्लू आणलं असेल किंवा रस्त्यावरचं गावठी कुत्रं घरी घेतलं असेल, तर तुमचे ते दिवस जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

पहिली पायरी : कुत्रा धडधाकट असतानाची वही

आजार ओळखायची सुरुवात कुत्रा ठणठणीत असताना होते. डॉक्टर विचारतात, ‘नेहमी किती पाणी पितो?’ आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. म्हणून एक साधी वही करा आणि एखाद्या निवांत रविवारी पुढच्या गोष्टी लिहून ठेवा.

वजन. घरातल्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभं राहा, मग एकटे. फरक म्हणजे त्याचं वजन. महिन्यातून एकदा पुरे. अंगावर दाट केस असलेल्या कुत्र्याचं दोन किलो वजन उतरलं तरी डोळ्यांना दिसत नाही, वहीत मात्र दिसतं.

श्वास. गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला 30 च्या आत असायला हवा, बऱ्याच कुत्र्यांचा 15 ते 25 असतो. जीभ काढून धापत असताना किंवा स्वप्नात पाय हलवत असताना मोजू नका. झोपेतला आकडा दोन-तीन दिवस सलग 30 च्या वर राहिला, तर तो हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आजाराचा इशारा असू शकतो. बाहेरून काहीच दिसत नसताना हा आकडा बोलतो.

ताप. इथे बरेच जण फसतात. ‘नाक गरम म्हणजे ताप, ओलं गार म्हणजे बरा’ हे खरं नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाकही कोरडं आणि गरम असतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्यावर कुत्र्याचं नाव लिहा, टोकाला व्हॅसलिन लावा आणि गुदद्वारात अलगद इंचभर सरकवा. दुसऱ्या माणसाने मानेपाशी धरून चमच्याने दही चाटवत राहायचं. चांगल्या वेळी दोनदा सराव झाला की आजारात झटापट होत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या डोक्यात 98.6 बसलेलं असल्यामुळे 101 बघून लोक घाबरतात. 103 च्या वर ताप समजा, 104 ला थांबू नका. आणि 99 च्या खाली गेलेलं तापमान हे तापापेक्षाही वाईट लक्षण असतं.

हिरड्या. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि शिकायला सर्वांत सोपं. खिडकीपाशी, दिवसाउजेडी बसा, कारण ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. सुळ्याच्या वरचा ओठ अंगठ्याने उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर दिसली पाहिजे, बोट घसरलं पाहिजे. आता बोटाने दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. याला तीन-चार सेकंद लागले तर रक्ताभिसरण नीट चाललेलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी गावठी कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तिथे खालची पापणी अलगद ओढून आतला रंग बघा. राणीच्या हिरड्या मी पहिल्याच दिवशी पाहिल्या असत्या तर काय दिसलं असतं, मला माहीत नाही. चौथ्या दिवशी मात्र त्या भिजवलेल्या तांदळासारख्या दिसत होत्या आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. तसेच ठिपके पोटाच्या बिनकेसाच्या कातडीवरही होते. कातडीखाली रक्त पाझरायला लागलं की असे ठिपके उठतात.

पाणी. सकाळी भांडं मोजून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. 10 किलोच्या कुत्र्याला साधारण अर्धा लिटर किंवा थोडं जास्त लागतं. सुकं खाणं खाणारा जास्त पितो, दहीभात किंवा रस्सा खाणारा कमी. पण किलोमागे 100 मिलिलिटरच्या वर, म्हणजे 10 किलोचा कुत्रा रोज लिटरभर पाणी संपवत असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह, गर्भाशय यांपैकी काहीतरी तपासायलाच हवं. उन्हाळा आहे म्हणून सोडून देऊ नका.

लघवी-शी किती वेळा, कशी, हेही लिहा. त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

दुसरी पायरी : ‘मलूल’ म्हणजे नेमकं काय, ते शोधा

कुत्रा दुखणं लपवतो. तो कण्हत नाही, सवय बदलतो. म्हणून ‘आज जरा मलूल आहे’ एवढ्यावर न थांबता स्वतःला विचारा, की नेहमी करणारी कोणती गोष्ट आज केली नाही? बेल वाजली तरी उठला नाही, फिरायला निघून कोपऱ्यावरूनच परत वळला, सोफ्यावर उडी मारण्याऐवजी पुढचे पाय ठेवून वाट बघत राहिला, एरवी पायाशी झोपणारा पलंगाखाली जाऊन बसला. यातली एकच गोष्ट एखाद्या दिवशी झाली तर लक्ष ठेवा. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा एकच सलग दुसऱ्या दिवशी दिसली, तर वही काढा, ताप आणि हिरड्या बघा.

खाण्याबद्दल एक सांगते. मोठ्या कुत्र्याने एक वेळ खाल्लं नाही तर फार काही बिघडत नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर. तीन-चार महिन्यांच्या पिल्लासाठी मात्र हा हिशेब नाही, त्याने दोन वेळचं सोडलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि आवडीचा पदार्थ घेऊन तोंडातून खाली ठेवणारा, खायला बघून पुढे येऊन मग मागे सरणारा कुत्रा हा ‘नखरे करतोय’ असं समजू नका. त्याला भूक आहे, पण मळमळतंय किंवा तोंड दुखतंय.

खोकल्याची एक गफलत नेहमी होते. कुत्रा मान पुढे काढून खाकरतो, शेवटी ओकल्यासारखं करतो, थोडा फेस येतो. घरातले म्हणतात हाड अडकलं. क्वचित खरंच अडकलेलं असतं, तेव्हा तो पंजाने तोंड खाजवत राहतो आणि लाळ गळते. पण बहुतेक वेळा तो खोकला असतो. पिल्लांत आणि बोर्डिंगमधून आलेल्या कुत्र्यांत संसर्गाचा, वय झालेल्या लहान चणीच्या कुत्र्यांत हृदयाचा, विशेषतः रात्री किंवा पहाटे येत असेल तर. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर तो हमखास खोकत नाही.

इथेच एक कडक सूचना. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, उगाच चावरा किंवा अनोळखी असल्यासारखा वागतोय, अशा कुत्र्याच्या तोंडात ‘काय अडकलंय बघू’ म्हणून हात घालू नका. रेबीज असू शकतो. लाळ जखमेला लागली किंवा तो चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूसही वाचत नाही, म्हणून इथे वाट बघण्याचा प्रश्नच नाही.

तिसरी पायरी : किती घाई आहे ते ठरवा

काही चिन्हं दिसली की चप्पल घालायची आणि निघायचं, रात्रीचे दोन असले तरी. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा विटेसारख्या लाल दिसणं. श्वास घेताना पोट आत-बाहेर ओढलं जाणं, कोपर बाहेर काढून मान ताणून उभं राहणं. झटका (फिट) पाच मिनिटांपेक्षा जास्त चालणं किंवा एका दिवसात दोन झटके येणं. नर कुत्रा पुन्हा पुन्हा पाय वर करतोय आणि थेंबही येत नाही. कुत्री अर्धा तास जोराने कळा देतेय आणि पिल्लू बाहेर येत नाही. उंदीर मारायचं औषध खाल्लंय. यातल्या काही औषधांनी पहिले दोन-तीन दिवस कुत्रा अगदी छान दिसतो आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो, तेव्हा ‘काही झालं नाही ना’ म्हणत थांबू नका, औषधाचं पाकीट घेऊन जा. साप चावला असेल तर बांधाबांध, चिरा देणं काही नको. चालवू नका, उचलून न्या.

यात एक प्रकार असा आहे, जो माहीत नसला तर ओळखूच येत नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याने पोटभर खाल्लंय, थोड्या वेळाने तो अस्वस्थ फिरतोय, ओकण्याचे उमाळे काढतोय आणि बाहेर नुसती लाळ किंवा फेस येतोय. बरगड्यांच्या मागे पोट ढोलकीसारखं ताणलेलं. हे जठर फुगून पीळ पडण्याचं लक्षण आहे. यात मिनिटं महत्त्वाची असतात, शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा किंवा सोडा देण्यात तो वेळ जातो.

ऊन लागलेला कुत्रा हा वेगळा विषय, कारण तिथे आधी घरचं काम आणि मग दवाखाना. पग, शिट्झू, बुलडॉग यांची नाकं चपटी, त्यांना धापून अंग गार करता येत नाही. विदर्भात मे महिन्यात तर कोणत्याही जातीला धोका आहे, आणि बंद गाडीत तर कुठल्याही महिन्यात. जोरजोरात धाप, चिकट घट्ट लाळ, लाल हिरड्या, तोल जाणं दिसलं की लगेच सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांवर, सगळ्या अंगावर ओता, पंखा लावा. बर्फ शोधत बसू नका. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता धरून ठेवतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. अंग जरा गार झालं की गाडीत, काचा उघड्या किंवा एसी लावून.

बाकी उलट्या, जुलाब, लंगडणं, 103-104 मधला ताप, डोळ्यांतून चिकट घाण, हे त्याच दिवशी. एखादी उलटी, एखादी पातळ शी आणि कुत्रा एरवी मजेत असेल तर उद्या सकाळपर्यंत बघायला हरकत नाही. गवत खाऊन एकदा ओकणं हे तर बहुतेकांचं चालूच असतं.

चौथी पायरी : आपल्याकडचे आजार ऋतूनुसार ओळखा

गोचीड ताप वर्षभर असतो, पण उन्हाळा-पावसाळ्यात जास्त. तपकिरी गोचीड कुत्र्याचं रक्त पिताना एर्लिकिया किंवा बबेसिया नावाचे जंतू आत सोडते. गोचीड चावल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात, त्यामुळे आज अंगावर गोचीड सापडली नाही याचा काही अर्थ नाही. सुरुवात अगदी पुसट असते, जरा कमी खाणं, चढउतार होणारा ताप, मागचे पाय आखडणं, गळ्याखाली आणि गुडघ्यामागे गाठी हाताला लागणं. मग फिकट हिरड्या, लाल ठिपके, नाकातून रक्त. बबेसियात लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. फसवी गोष्ट ही, की एर्लिकियाचा पहिला ताप कधी कधी आपोआप उतरतो, कुत्रा बरा वाटतो, आणि जंतू महिनोन्‌महिने आत राहून नंतर हाडांतली मज्जा खातात, जिथे रक्त तयार होतं. म्हणून ‘दोन दिवस मलूल होता, आता बरा आहे’ अशा कुत्र्याचीही रक्ततपासणी करून घ्या. आणि गोचिडी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली शोधा. त्या भिंतीच्या फटींत, पलंगामागे, कुंड्यांखाली अंडी घालतात, तेव्हा कुत्र्याबरोबर घरही साफ करावं लागतं.

पावसाळ्यात लेप्टो. उंदराची लघवी मिसळलेल्या साचलेल्या पाण्यातून तो येतो. 2005 च्या जुलैमधल्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्येच लेप्टोची मोठी साथ आली होती, त्यामुळे हा शब्द आपल्याला नवा नाही. कुत्र्यात ताप, उलट्या, हात लावला तरी पाठ-मांड्या दुखणं, लघवी खूप होणं किंवा अचानक कमी होणं आणि मग डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणं. कुत्र्याच्या लघवीतून तो घरातल्यांना होऊ शकतो, साफ करताना हातमोजे घाला. वार्षिक लशीत लेप्टो धरलाय का, ते लसपुस्तिकेवर बघून घ्या, प्रत्येक लशीत तो नसतो.

भाद्रपदात आपल्या गावठी कुत्र्या माजावर येतात, घरातल्या इतर जातींच्या साधारण वर्षातून दोनदा. नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या माजानंतर चार ते आठ आठवड्यांत, म्हणजे भाद्रपद धरला तर दिवाळीच्या आगेमागे, तिने खूप पाणी प्यायला सुरुवात केली, खाणं कमी केलं, पोट जड दिसलं, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. मागून घाण स्राव येत असेल तर लवकर कळतं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर काहीच बाहेर येत नाही, आणि तीच अवस्था जास्त घातक. सोनोग्राफीत दिसतं. उपाय बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच.

रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या किंवा कुत्रीच्या जननेंद्रियातून थेंब थेंब रक्त येतंय आणि तीन-चार आठवडे झाले तरी थांबत नाही, तर तो माज नव्हे. संबंधातून पसरणारी गाठ असू शकते, डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. नाव ऐकून लोक कुत्रं परत सोडतात. तसं करू नका. आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बहुतेकदा पूर्ण बरी होते.

हिवाळ्यात जन्मलेल्या पिल्लांवर पार्व्होची धाड येते. सकाळी पिल्लू खात नाही, दुपारी पांढरा-पिवळा फेस ओकतं, रात्रीपर्यंत रक्ताळ जुलाब सुरू होतात, आणि त्याला असा कुजट वास असतो की एकदा घेतल्यावर विसरत नाही. दवाखान्यात छोट्या किटवर दहा-पंधरा मिनिटांत कळतं. सलाइनवर वेळेत गेलेली कितीतरी पिल्लं वाचतात, घरी दहीभात आणि इलेक्ट्रॉलवर ठेवलेली फार कमी. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो, फिनाईलला दाद देत नाही. फरशी धुवायला एक भाग ब्लीच आणि 30 भाग पाणी वापरा. आणि त्या घरात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू इतक्यात आणू नका.

वय झालेल्या कुत्र्याबद्दल एवढंच, की ‘म्हातारा झालाय’ हे निदान नाही. मूत्रपिंडाचा आजार तर नेहमीच्या रक्ततपासणीत दिसेपर्यंत बराचसा पुढे गेलेला असतो. सात वर्षांनंतर दरवर्षी रक्त आणि लघवी तपासा.

पाचवी पायरी : घरचं औषध नको

क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान यांतलं काहीही देऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जठरात जखमा करतात, यकृत आणि मूत्रपिंड निकामी करतात, आणि एका गोळीनेही होऊ शकतं. गोचिडींवर उपाय म्हणून लसूण खाऊ घालतात, लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे आधीच रक्त कमी झालेल्या कुत्र्याला आणखी फिकट करतात. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणंही धोक्याचं. देता येण्यासारखं घरात काही असेल तर ते स्वच्छ पाणी आणि शांत कोपरा.

सहावी पायरी : दवाखान्यात

रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, ते आजच शोधून नंबर फ्रिजवर लावा. मुंबईत परळचं जुनं बाई साकरबाई रुग्णालय बऱ्याच जणांना माहीत असतं, तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण त्याच्या वेळा आणि तिथे कुत्र्यांसाठी काय सोय आहे, हे आधी जाऊन विचारा.

जाताना वही, व्हिडिओ, शी-उलटीचा फोटो न्या. ‘बरं नाही’ असं म्हणू नका, म्हणा ‘मंगळवारी रात्री शेवटचं खाल्लं, काल दोन उलट्या, ताप 103.6, गोचिडी पंधरा दिवसांपूर्वी काढल्या.’ गोचीड तापाची शंका असेल तर सीबीसीबरोबर (रक्तपेशींची मोजणी) रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, बघता येईल का विचारा, खर्च थोडा असतो. एकदा जंतू दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, हेही लक्षात असू द्या.

औषध सुरू झाल्यावर राणी दोनच दिवसांत उठली, तिसऱ्या दिवशी शेजारच्या मांजरामागे धावली. इथेच बहुतेक घरांत गोळ्या थांबतात. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस देतात, खाण्यानंतर, वर थोडं पाणी पाजून, म्हणजे गोळी घशात चिकटत नाही. दुधाबरोबर मात्र नको, औषध कमी शोषलं जातं. आम्ही कॅलेंडरवर रोज फुली मारत गेलो. कोर्स संपल्यावर पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा प्लेटलेट्स 2 लाख 40 हजार होत्या, आणि तो कागद त्याच वहीत, तिच्या चांगल्या दिवसांच्या आकड्यांशेजारी चिकटवला आहे.